शेवटचं नीट कधी बोलल्या?

बसस्थानकावर तिला तिच्या नावानं कुणीच ओळखत नसे. एकोणतीस वर्षं ती जिन्यावरच्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगत आली होती. त्यामुळे साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती माईकताई. खाली पहिल्याच खिडकीत तिची सख्खी धाकटी बहीण महिन्याचे पास काढून द्यायची, ती पासबाई. थोरलीचं तोंड दिवसभर चालू आणि धाकटी दिवसभर मुकाट्यानं शिक्के मारतेय, हे पाहून एक जुना ड्रायव्हर म्हणायचा, "आईबापांनी जीभ एकीलाच दिली, दुसरीला नुसता हात दिला."

ते काही अगदी खरं नव्हतं. घरी पासबाईच्या जिभेला चांगली धार होती.

आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची आणि ताई सतरा. ताईनं तिची वेणी घातली, तिला शाळेत पोचवलं, पुढे तिचं लग्न लावून दिलं. सहा वर्षांत नवरा वारला, तेव्हा तिला परत घरी आणून याच बसस्थानकावर चिकटवलं तेही ताईनंच. स्वतःचं लग्न मात्र तिनं "बघू, बघू" म्हणत बघायचंच ठेवलं. आता ताई सत्तावन्नची आणि धाकटी एकोणपन्नासची. दोन खोल्यांत दोघींचा संसार, आणि त्यात भांडणाला एकमेकींशिवाय तिसरं माणूस नाही.

त्या रविवारी संध्याकाळी दोघी चहा घेत बसल्या होत्या. ताईच्या हातातला कप अचानक कलंडला आणि चहा मांडीवर सांडला. तो गरम होता, तरी ताई ओरडली नाही. उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"अगं, भाजलं ना! पूस की."

"ते... ते दे," ताई म्हणाली. "ते... कात्री दे."

"कात्री कशाला?"

"कात्री गं! पुसायला... कात्री..." तिला फडकं म्हणायचं होतं. शब्द जिभेच्या टोकाशी येऊन वाट चुकत होता. तोंडाची एक बाजूही किंचित ओढल्यासारखी दिसत होती. पण दहा-बारा मिनिटांत सगळं जागच्या जागी आलं. ताईनं मूठ उघडझाप करून पाहिली, उठून स्वतःच फडकं आणलं आणि फरशी पुसायला लागली.

"हातावर झोपले होते दुपारी. मुंग्या आल्या."

"आणि बोलताना काय झालं? तिथं पण मुंग्या आल्या?"

"बाई गं, दमलंय माणूस."

"उठ, डॉक्टरकडे जाऊ."

"रविवारी कुठला डॉक्टर? आणि आता मी ठणठणीत आहे."

पासबाईनं मग गोळ्यांचा डबा उघडला. ताईला रक्तदाबाची गोळी होती, रोज सकाळी एक. डब्यात दोन पाकिटं जशीच्या तशी निघाली.

"हे काय?"

"त्या गोळीनं खोकला येतो," ताई म्हणाली. "माईकवर खोकत बसू? चार महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला. ते झाले की खाईन तुझ्या गोळ्या. आता रजा टाकली ना, तर साहेब उद्याच घोषणा करणारं ते रेकॉर्डचं मशीन आणून बसवतील. मला शेवटच्या दिवसापर्यंत त्या खुर्चीत बसायचंय."

"डॉक्टरला सांगितलं असतंस तर गोळी बदलून दिली असती!"

"तू नको मला शिकवू. तुला मी बोलायला शिकवलंय."

शब्दाला शब्द वाढत गेला. ताई म्हणाली, तुला माझ्या आजारपणाची भारीच हौस आहे. पासबाई म्हणाली, तुझा हट्ट तुला खाणार एक दिवस. मग ताई म्हणाली, "माझ्या मरणाची एवढी घाई कशाला झालीय तुला?"

हे धाकटीला फार लागलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं तर. उद्या पडलीस ना, तर मला हाक मारू नकोस."

एकदा सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही. सोमवारी दोघी कामाला निघाल्या त्या दहा पावलांचं अंतर ठेवून. जेवणाचा डबा ताईच्या टेबलावर पोचत होता, पण कारकुनाच्या हातून. घरी दिवा मालवू का, हेसुद्धा भिंतीला विचारलं जात होतं. अबोला दोघींना नवा नव्हता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हसायचं आणि संपायचं. या वेळी बुधवार उजाडला आणि मावळला, पण कुणी हसलं नाही. ताईनं गोळीही घेतली नाही. धाकटी रोज पाकीट बघत होती आणि तोंड मिटून होती.

गुरुवारी सकाळी पासच्या खिडकीसमोर नेहमीसारखी रांग होती. आठ वाजून दहा मिनिटांनी ताईचा आवाज आला. स्वच्छ, थोडा खर्जातला, प्रत्येक अक्षर वेगळं. "बंदरमार्गे जाणारी गाडी दोन नंबरच्या फलाटावर लागली आहे." पासबाईनं मान वर केली नाही, पण कान तिकडेच होता. चार दिवस ताईचा तेवढाच आवाज तिच्या वाट्याला येत होता.

आठ पंचवीसला पुन्हा माईक सुरू झाला. "गिरणीमार्गे जाणारी गाडी तीन नंबरच्या फल... फलाडा... वर लागी आहे."

रांगेतली एक कॉलेजची मुलगी फिस्सकन हसली. "आज माईकताई तोतऱ्या झाल्या."

"झोप झाली नसेल," मागचा माणूस म्हणाला.

पासबाईचा शिक्का हवेत थांबला. रविवारची कात्री तिला आठवली. अगदी लख्ख आठवली, हे पुढे तिनं स्वतःशी कधी नाकारलं नाही. ती खुर्चीतून अर्धी उठलीही. मग वाटलं, आपण वर जायचं, आणि ती म्हणायची, "आलीस का नाक मुठीत धरून?" सगळ्या कारकुनांसमोर. रात्रभर कूस बदलत होती ती, झोप नसेलच झाली. पुढची घोषणा ऐकू आणि मग बघू.

ती खाली बसली. "पुढे या," तिनं त्या मुलीला सांगितलं, फोटो चिकटवला आणि शिक्का मारला.

आठ चाळीसला आवाज आला, "गाडी पाणी... गाडी, पाणी, गाडी... दोन..." आणि खट्कन बंद. फलाटावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. नियंत्रक साहेब आपल्या टेबलावरून ओरडले, "ती वायर परत हलली वाटतं!" त्यांनी वर फोन लावला. वाजून वाजून तो थांबला. "खाली उतरल्या असतील," म्हणून ते गाड्यांच्या मागे धावले, कारण घोषणा नाही म्हटल्यावर चार नंबरवर एकच गोंधळ उडाला होता.

पासबाई शिक्के मारत होती. एका पासवर उलटा बसला. दुसऱ्यावर तारीख चुकली. खिडकी बंद करावी तर रांगेत वीस माणसं.

आठ पंचावन्नला माईक पुन्हा चालू झाला. आधी नुसता श्वास ऐकू आला, जड, ओढून घेतलेला. मग एक बारीक आवाज, "चिं... चिं... चिं..."

सगळा स्टँड हसला. "चिमणी शिरली माईकमध्ये!" कुणीतरी ओरडलं.

पासबाईला घरी चिंगी म्हणत. आई म्हणायची आणि आईनंतर फक्त ताई. खाली उभ्या असलेल्या त्या दोन-तीनशे माणसांत तो आवाज कुणाचा आणि कुणासाठी आहे हे तिला एकटीला कळलं. शिक्का हातातच घेऊन ती धावली. बावीस पायऱ्यांचा जिना ती कशी चढली ते तिला आठवत नाही.

ताई खुर्चीतून घसरून टेबलाला टेकली होती. उजवा हात खाली लोंबत होता. तोंडाचा उजवा कोपरा असा उतरला होता, जणू कुणी आतून धागा सोडून दिलाय, आणि त्यातून लाळ हनुवटीवर आली होती. डाव्या हाताचं बोट माईकच्या बटणावर होतं. ते तिनं अजून दाबून धरलं होतं.

"ताई! ताई, मी आलेय. बघ माझ्याकडे."

ताईनं पाहिलं. तिला सगळं कळतंय हे डोळ्यांत दिसत होतं, आणि तेच बघवत नव्हतं. तिनं तोंड उघडलं. "चिं..." आणि पुढे काही नाही.

खाली दोन-तीनशे माणसांनी हे सगळं भोंग्यातून ऐकलं. आता कुणी हसत नव्हतं.

साहेब आणि दोन कारकून वर आले. "चक्कर आलीय. साखरपाणी द्या," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं पेला ओठांना लावलासुद्धा. पाणी सगळं बाहेर आलं आणि ताईला ठसका लागला. "झोपवा जरा, पंधरा मिनिटांत बरं वाटेल," साहेब म्हणाले.

"काही देऊ नका तोंडात!" दारातून आवाज आला. तो जुना ड्रायव्हर होता, जिभेचा विनोद करणारा. त्यानं ताईसमोर बसून तिचे दोन्ही हात उचलले आणि सोडले. डावा हात राहिला, उजवा धपकन पडला. "माझ्या वडलांना असंच झालं होतं. अर्धांगाचा झटका आहे हा. आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथं दोन तास घालवले. मोठ्या रुग्णालयात न्यायचं, जिथं डोक्याचा फोटो काढतात तिथं. आत्ता."

रुग्णवाहिकेला फोन लावला, तर म्हणाले अर्धा तास. ड्रायव्हरनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी क्षणभर फलाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन नंबरची काढ."

बसलेले प्रवासी खाली उतरले. कुणी कुरकुरलं नाही. चौघांनी ताईला खुर्चीसकट उतरवलं. पन्नास माणसांच्या त्या रिकाम्या गाडीत मागच्या लांब बाकावर ताई, तिचं डोकं मांडीवर घेतलेली पासबाई आणि पाय धरून एक कारकून. सकाळची गर्दीची वेळ. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढतच नव्हता. ताईचा डावा हात धाकटीच्या मनगटाभोवती आवळला होता. पासबाई वाकून सांगत होती, "आलंच. आलंच हं. आता पूल आला. आता उतार." एकोणतीस वर्षं ताईनं लोकांना गाड्यांचं सांगितलं, आणि आज ताईला रस्त्याचं सांगायला ती होती.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण धावत आली. ताईच्या डोळ्यांसमोर बोट फिरवत तिनं विचारलं, "त्या शेवटचं नीट कधी बोलल्या?"

"आठ दहाला."

"अंदाजे सांगू नका. औषध द्यायचं की नाही ते या वेळेवर ठरतं."

"अंदाजे नाही. आठ दहाला बंदरची गाडी सांगितली, ती स्वच्छ. आठ पंचवीसला गिरणीची, त्यात जीभ अडखळली. आख्ख्या स्टँडनं ऐकलंय."

डॉक्टरिणीनं घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीस झाले होते. "वेळेत आणलंत," ती म्हणाली, आणि चाकांची खाट दारांमागे गेली.

डोक्याच्या फोटोत रक्तस्राव नव्हता, मेंदूच्या डाव्या बाजूच्या वाहिनीत गुठळी अडकली होती. रक्तदाब इतका चढलेला होता की तो उतरेपर्यंत आणखी वेळ गेला. मग गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून सुरू केलं. दुपारी डॉक्टरीण बाहेर आली आणि बाकावर पासबाईच्या शेजारी बसली. उभ्या उभ्या न बोलता ती शेजारी बसली, यावरूनच पासबाई काय ते समजली.

"जीवाला आत्ता धोका दिसत नाही. पण औषधाचा हवा तसा उपयोग झालेला नाही. थोडी गुठळी राहिली आहे. उजवा हात आणि बोलणं, यातलं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही." मग तिनं कागद पुढे घेतला. "याआधी असं कधी झालं होतं? थोडा वेळ का होईना?"

पासबाईनं रविवारचं सांगितलं. कप, कात्री, ओढलेलं तोंड, दहा-बारा मिनिटं. डॉक्टरिणीचं पेन थांबलं.

"मग बरं वाटलं, म्हणून आला नाहीत?"

"हो."

"सगळे हेच करतात," ती हळूच म्हणाली. "तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक झालं, आणि पाच मिनिटांत गेलं, तरी त्याच क्षणी निघायचं असतं. ते गेलं म्हणजे संपलं असं नसतं. मोठ्या झटक्याआधीचा तो इशारा असतो. अनेकदा तो झटका पुढच्या काही दिवसांतच येतो."

"तेव्हाच आणलं असतं तर?"

"कदाचित टळला असता. खात्रीनं नाही म्हणत."

"आणि मी आठ पंचवीसलाच वर गेले असते तर? मला कळलं होतं. मी उठले होते आणि परत बसले."

डॉक्टरिणीनं कागद बाजूला ठेवला. तिला खोटं बोलता आलं असतं. "यात प्रत्येक मिनिट मोजलं जातं," ती म्हणाली. "अर्धा तास आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते मला नाही सांगता येणार. कुणालाच नाही येणार. ते मनात घेऊन बसू नका."

ते मनात घेऊन पासबाई तीन आठवडे त्या बाकावर बसली.

ताई घरी आली ती काठी टेकत. पाय बऱ्यापैकी सावरला. हात तसाच राहिला. वाचा मात्र गेली. पुरती नाही, एकच शब्द शिल्लक राहिला, "आणि". तहान लागली की आणि. खिडकी लाव, आणि. कोण आलंय, आणि? तिला सगळं समजायचं. आपण भलतंच बोलतोय हेही समजायचं. पहिले काही दिवस तो शब्द तोंडातून निघाला की ती डाव्या हातानं स्वतःच्याच ओठांवर चापट मारायची. वाचा शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येऊन चित्रं दाखवायची. कप, फडकं, गाडी. ताई चित्राकडे बघायची, जीव एकवटायची आणि म्हणायची, "आणि." गाडीच्या चित्राला तर तिनं पुस्तकच ढकलून दिलं.

गोळी आता ती रोज घेत होती. डॉक्टरिणीनं बदलून दिलेली. हिनं खोकला येत नव्हता.

चार महिन्यांनी निवृत्तीचा दिवस आला. साहेब, ड्रायव्हर आणि चार कारकून फुलं घेऊन घरीच आले. साहेब बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच खाली बसले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, ते मशीन बसवलंय. अक्कल नाही त्याला. गाडी पंक्चर होऊन पडलीय आणि ते सांगतंय लागली आहे, लागली आहे." ताई हसली. डाव्याच बाजूनं, पण मनापासून हसली. सगळे गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या चार महिन्यांत पासबाईनं तिचं सगळं केलं. न्हाऊमाखू घातलं, घास भरवले, केस विंचरले. एक गोष्ट तेवढी केली नव्हती. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी काम काढायची. शेवटी एका रविवारी, दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं तेव्हा, ती ताईसमोर खुर्ची घेऊन बसली.

"ताई, मला बोलायचंय. मध्ये बोलू नकोस." म्हणाली आणि तिलाच ते कसंतरी वाटलं. "मी तुला म्हणाले होते, पडलीस तर मला हाक मारू नकोस. म्हणून तू थांबलीस का गं? आठ पंचवीसला तुला कळलं असेल काहीतरी होतंय. पंचावन्नला हाक मारलीस. मधला अर्धा तास... तू माझ्या त्या बोलण्यामुळे थांबलीस का? आणि मीसुद्धा थांबले. जीभ अडखळली त्या पहिल्याच घोषणेला मला कळलं होतं. मी खुर्चीतून उठले होते ताई. तू टोमणा मारशील म्हणून परत बसले. एवढ्याशा गोष्टीसाठी. मला माफ कर म्हणत नाही. तुला माहीत असायला हवं, म्हणून सांगितलं."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग बोलायला लागली.

"आणि," ती म्हणाली. "आणि आणि. आणि..." सुरुवातीला आवाज चढलेला होता. रागावल्यासारखा, मागच्या कुठल्यातरी गोष्टीचा हिशेब विचारल्यासारखा. डावा हात हवेत उठला आणि पडला. मग सूर खाली आला. लांबच्या लांब वाक्यं होती ती, त्यांना चढउतार होते, मध्ये थांबणं होतं, प्रश्न होता. एका ठिकाणी ती आठवल्यासारखी थांबली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी बोलतच राहिली. एका ठिकाणी नक्कीच काहीतरी समजावून सांगितलं, कारण लहानपणी गणित समजावताना करायची तशी मान हलवली. पण सगळं त्या एका शब्दात. तो म्हणजे नुसता दोरा होता, मणी सगळे ओघळून गेलेले.

पासबाईनं एकदाही तिला तोडलं नाही. "म्हणजे असं का?" असं विचारलं नाही, कारण विचारलं की ताई हो म्हणणार की नाही, आणि ते हो-नाही तरी खरं कशावरून, हेही कळणार नव्हतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

दहा-बारा मिनिटांनी ताई थकली. उशीवर मान टाकली आणि डोळे मिटले. पासबाईनं तिच्या हनुवटीवरची लाळ पुसली, लुळा हात उचलून पोटावर नीट ठेवला, चादर ओढली. राग होता की माफी, की आणखी तिसरंच काही, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही. ताईनं मात्र आपलं सगळं सांगून टाकलं होतं. चेहऱ्यावरून तरी तसंच वाटत होतं.

ऊन पलंगावरून उतरून फरशीवर गेलं. पासबाई उठली आणि चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेली.